गावातल्या मतिमंद लेकराच्या घराला हातभार लावायचा असेल तर

मी अंबाजोगाई तालुक्यातली, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाले. वजनाचे तक्ते भरता भरता उशिरा बसणारी, उशिरा बोलणारी लेकरं आमच्याच नजरेत आधी यायची. त्यातल्या काहींना आता मिशा फुटल्यात, तरी गावाच्या लेखी ते अजून 'ते लेकरू'च. त्यांच्या घराबद्दल हळहळ सगळ्यांना असते. त्या घराला हवे असतात तास. कुणीतरी दोन तास लेकरापाशी बसणारं, कुणीतरी दवाखान्याच्या रांगेत सोबत उभं राहणारं.

म्हणून "काही लागलं तर सांगा" असं म्हणून निघून येऊ नका. कुणी सांगत नाही. नेमकं बोला: "बाजारच्या दिवशी अकरा ते एक मी बसते याच्यापाशी, तुम्ही बाजार करून या." पहिल्यांदा आई "नको, राहू द्या" म्हणेल. पुढच्या बाजारी पुन्हा विचारा. हळदी-कुंकवाला बोलावताना "लेकराला घेऊनच या" हे तोंडानं म्हणा. तसं म्हटलं नाही तर ती येत नाही, अन् पुढच्या वर्षी तिला बोलवायचंच राहून जातं.

बसायच्या आधी आईला विचारून घ्या: संडास-लघवीला आली तर कसं कळवतो, काय खाताना ठसका लागतो, झटके येतात का, गोळी किती वाजता, अन् कशानं बिथरतो. आमच्या गल्लीतला एक जण कुकरच्या शिट्टीला कान झाकून ओरडतो. त्याची आई कुकर चढवला की त्याला ओसरीवर बसवते. एवढंसं माहीत नसलं तर तुमचे दोन तास समजूत घालण्यात जातील.

त्याच्याशी बोलायचं ते त्याच्याशीच. "जेवला का हो हा?" असं त्याच्या डोक्यावरून आईला विचारू नका. "जेवलास का?" असं नाव घेऊन त्याला विचारा आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागतो, मनात दहा आकडे मोजा. एका दमात एकच गोष्ट सांगा. अशी पुष्कळ माणसं कशालाही "हो" म्हणतात, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. म्हणून "भाकरी पाहिजे का?" यापेक्षा भाकरी आणि भात दोन्ही समोर धरा, हात कुठं जातो ते बघा. आणि पंचवीस वर्षांच्या गड्याचे गाल ओढू नका.

आता शिकवायचं कसं. इथं माझं मन जास्त रमतं, कारण बदल डोळ्यांना दिसतो. शर्टाचं उदाहरण घ्या. आपण वरच्या बटणापासून सुरू करतो, लेकरू दुसऱ्यालाच दमतं, मग आई वैतागून सगळी बटणं लावून टाकते. उलटं करा. वरची सगळी बटणं तुम्ही लावा. शेवटचं बटण काजात अर्धं सरकवून ठेवा, अन् त्याला फक्त ओढू द्या. शर्ट 'त्यानं' पूर्ण केला. ते जमलं की शेवटचं बटण अख्खं त्याचं. मग शेवटची दोन. समोर बसण्यापेक्षा त्याच्या मागं बसा, तुमचे हात त्याच्या हातांवर ठेवा, म्हणजे उजवं-डावं उलटं दिसत नाही. हात धुणं, ताट उचलून ठेवणं, अंथरुणाची घडी, सगळं असंच शेवटून शिकवता येतं. अन् सलवारीच्या नाडीपायी महिना घालवू नका. सरळ इलॅस्टिक घाला.

दुकानाला पाठवायचं असेल तर आधी दुकानदाराशी बोला. एक वस्तू, एक नोट. चहापत्तीचा रिकामा पुडा हातात द्या, तो दाखवला की बोलायची अडचण राहत नाही. नोटा रंगावरून शिकवा: जांभळट ती शंभराची, पिवळी ती दोनशेची. पहिल्यांदा सोबत जा, मग दुकानाच्या ओट्याशी थांबा, मग कोपऱ्यावरून नजर ठेवा. दुकानदारानं सुट्ट्या पैशांच्या बदल्यात चॉकलेट द्यायचं नाही, पैसे त्याच्या तळहातावर मोजून ठेवायचे. टपरीवर बसणारी काही रिकामटेकडी पोरं अशाला गुटख्याच्या पुडीचं आमिष दाखवून शिव्या द्यायला लावतात, नाचवतात. त्यांना तिथल्या तिथं दटावायला आईनं का यावं? गावात मोठी माणसं कमी आहेत का?

झटका आला तर कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा एकामागून दुसरा आला, तर १०८ ला फोन.

मुलगी वयात यायच्या आधी एक शहाणी बाई त्या आईच्या मदतीला हवी. चड्डीला पॅड लावायचं, काढून कागदात गुंडाळायचं, हे पाळी येण्याआधीच कोरड्यावर करून घ्या. कॅलेंडरवर लाल खूण करायची सवय लावा. अंगाला हात कुणी लावायचा, कुणी नाही, हेही रोजच्या अंघोळीच्या वेळीच शिकवा. "गर्भपिशवी काढून टाका, कटकट मिटेल" असा सल्ला आमच्या जिल्ह्यात फार सहज मिळतो. पाळी सांभाळायचा त्रास कमी व्हावा म्हणून धडधाकट पिशवी काढणं मला कधी पटलं नाही. आणि पिशवी नसली म्हणून मुलगी सुरक्षित होत नाही, उलट दिवस जाऊन उघडं पडायची जी भीती वाईट नजरेच्या माणसाला असते, तेवढी कमी होते.

कागदपत्रांत शिकलेल्या शेजाऱ्याचा खरा उपयोग. सहा वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला दाखवा. ते जिल्ह्याच्या ठिकाणी उपचाराला पाठवतात. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन करायचा, मग बोलावलं की तपासणीला. आमच्याकडची माणसं स्वारातीला, म्हणजे अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जातात नाहीतर बीडला. बुद्ध्यांक चाचणी वेगळ्या दिवशी असू शकते, तेव्हा एका फेरीत काम होईल असं घरच्यांना सांगू नका. डबा, पाणी आणि कपड्याचा एक जोड सोबत घ्या. ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र मिळालं की एसटीत ७५ टक्के सवलत आहे, संजय गांधी निराधार योजनेसाठी तहसीलला अर्ज करता येतो. त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, तो कुठं गेला हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अशा लेकरांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, त्यामुळं "याला घरीच ठेवा" असं गुरुजींनी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. राष्ट्रीय न्यास ही अशा दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था, तिच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. लेकरू अठराचं झालं की आई-बाप कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. जमीन, बँक यांत पुढं अडतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. आई-बापांचे हातपाय चालतात तोवरच अर्ज करा.

आणि ते 'लग्न लावून दिलं की सुधरंल'. कुणाच्या तरी गरीब लेकीच्या गळ्यात हे बांधायचं, वर सुधारलं नाही तर तिच्यावरच खापर. असा विषय ओसरीवर निघाला तर गप्प बसू नका. देवऋष्याचंही तेच. पैसे जातात, गोळ्या बंद पडतात, झटके वाढतात.

दसरा झाला की आमच्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. लेकरू आजीपाशी राहतं, आजीला दिसत नाही. टोळी निघायच्या आधी त्या घरी जाऊन ठरवा: गोळ्या कोण आणणार, रात्री काही झालं तर कुणाचं दार वाजवायचं, गाडीवाल्याचा नंबर कुठं लिहिलाय. प्रमाणपत्राचा आणि डॉक्टरच्या चिठ्ठीचा फोटो दोन घरच्या मोबाइलात ठेवा. आठवड्यातून एकदा त्याला फोनवर आई-बापांशी बोलायला लावा. बोलता येत नसलं तरी फोन कानाला लावा. टोळी परत आली की मधल्या काळात तो काय नवं करायला लागलाय ते आईला दाखवा, नाहीतर ती सवयीनं पुन्हा सगळी बटणं स्वतःच लावते.