भर पावसात मान टाकलेली मिरची अशी सावरली
समुद्राकाठची दमट हवा, परतीचा पाऊस आणि ओल्या कुंडीत मलूल झालेली मिरची. माती ओली असूनही पानं सुकतात तेव्हा दुखणं बहुतेकदा मुळांत असतं. झाड अलगद उपसलं. मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढली की साल सुटून हातात यायची आणि आतला दोऱ्यासारखा गाभा तेवढा उरायचा. हीच मूळकुज. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापला, फांद्याही थोड्या छाटल्या. उरलेल्या मुळांना एवढा पाला पोसवत नाही. मातीत कंपोस्ट आणि जाडी वाळू मिसळली. कुंडी विटांवर ठेवली, कारण तळाचं भोक फरशीला टेकलं की पाणी निघतच नाही, आणि नेमकं हेच बघायचं राहून जातं! खत मात्र नवी पालवी फुटल्यावरच दिलं.