दिवे निवडण्याआधी पंख्याखाली खडू घेऊन बसा

पुढच्या महिन्यात बहिणीच्या ऐरोलीच्या घराचं रंगकाम निघतंय आणि त्यातच सगळ्या खोल्यांचे दिवे बदलायचे आहेत. चार वर्षांपूर्वी मानपाड्याच्या आमच्या घरात हेच काम मी केलं आणि हॉलचे दिवे साफ चुकले. म्हणून तिच्यासाठी ही यादी लिहायला घेतली. तुमच्याकडे पीओपीवाला यायचा असेल तर तुम्हीही वाचा, आणि तो यायच्या आधी वाचा.

खोल्यांची मापं, छताची उंची, कपाटं कुठे, पलंग कुठे हे कागदावर मांडा. ते सगळेच करतात. राहून जातो तो पंखा. माझाही राहिला. पीओपीवाल्याने छताचे सारखे भाग पाडून आठ पॅनल, म्हणजे छतात बसणारे चपटे दिवे, बसवले, नकाशावर ते फार देखणे दिसत होते. त्यातले चार पंख्याच्या कुशीत आले. पहिल्याच संध्याकाळी आई सोफ्यावर पेपर घेऊन बसली आणि दोन मिनिटांत तो मांडीवर ठेवून म्हणाली, "अगं, अक्षरांवरून काहीतरी फिरतंय." दिवा आणि पेपर यांच्यामध्ये पंख्याचं पातं येत होतं. मिनिटाला ३०० फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा सेकंदाला १५ वेळा प्रकाश कापतो. चालता-फिरता ते जाणवत नाही, वाचायला बसलं की डोकं चढतं. त्या अख्ख्या मे महिन्यात आई पेपर वाचायला पंखा बंद करायची आणि पदराने घाम पुसत वाचायची. ते चार दिवे आम्ही अजूनही लावत नाही.

तेव्हा दिव्यांचा विचार करायच्या आधी हे करा. पंख्याच्या हुकापासून दोरा सोडा, टोकाला नट बांधा, नट जिथे टेकेल तिथे खडूने खूण करा. नेहमीचा पंखा १२०० मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत दोन फूट. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्याच्या बाहेर आणखी दोन फुटांवर दुसरं वर्तुळ काढा, कारण पॅनलचा प्रकाश पसरट असतो आणि तिरका येऊन पात्याला गाठतो. या दुसऱ्या वर्तुळाच्या आत छतात पॅनल नको. पीओपीवाला म्हणेल, "ताई, डिझाइन बिघडेल." बिघडू द्या.

हे वर्तुळ काढलं की लगेच कळतं की आपल्या घरांत जागा किती कमी उरते. दहा फुटी खोलीत दोन्ही बाजूंना जेमतेम एक-एक फूट. म्हणजे छतातले दिवे भिंतीलगत न्यावे लागतात, किंवा अरुंद झोताचे सीओबी, म्हणजे छतात बसणारे छोटे स्पॉटलाइट, घ्यावे लागतात, ज्यांचा प्रकाश सरळ खाली पडतो. कोव्हमधला, म्हणजे छताच्या कडेच्या खाचेत लपवलेला प्रकाश चालतो, तो सगळीकडून येतो म्हणून सावली विरून जाते. आणि भिंतीवरचा दिवा पात्यांच्या पातळीच्या खाली, साधारण सात फुटांवर, खाली प्रकाश टाकणारा घ्या. वर झोत टाकणारा घेतलात तर तीच पाती छतावर फिरताना दिसतील, आणि पलंगावर पडल्यावर छताशिवाय दुसरं काय दिसतं?

आता खोल्या. हॉलमध्ये एका बटणावर आठ दिवे नकोत, दोन-तीन बटणांत वाटा. प्रकाशाचा रंग केल्विनच्या आकड्यावरून घ्या, 'वॉर्म', 'नॅचरल' या नावांवरून नाही. ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० पांढराफटक. एका नजरेत येणारे सगळे दिवे एकाच आकड्याचे असावेत. किती वॉट हे विचारू नका, लुमेन किती, म्हणजे दिवा प्रकाश किती देतो, ते खोक्यावर वाचा. जेवणाच्या टेबलावर लटकता दिवा हवा असेल तर टेबलापासून तीसेक इंच वर, पण आधी गणपतीत ते टेबल कुठे सरकतं ते आठवा. टेबल भिंतीला गेलं की तो दिवा आरतीला उभ्या राहिलेल्यांच्या कपाळावर येतो. त्यापेक्षा मखराच्या कोपऱ्यात एक जादा प्लग काढून घ्या. झुंबर घ्यायचंच असेल तर त्याचं वजन स्लॅबमधल्या फास्टनरवर, पीओपीवर कधीच नाही.

स्वयंपाकघरात छताचा दिवा आपल्या पाठीमागे असतो, म्हणून ओट्यावर आपलीच सावली पडते आणि विळीवर नेमकं बोट असतं तिथे अंधार. वरच्या कपाटांच्या खाली ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेली एलईडी लावा, तिच्यावर दुधी झाकण हवंच, नाहीतर चिकटा बसून महिन्याभरात ती पिवळी पडते. इथे ४०००, आणि सीआरआय ९० च्या वर. सीआरआय म्हणजे दिव्याखाली वस्तूचा रंग किती खरा दिसतो ते. कमी सीआरआयच्या दिव्याखाली पापलेटचे कल्ले ताजे की शिळे ते कळत नाही, डाळीतला खडाही निसटतो. बाथरूमच्या आरशाचंही तेच, आणि तिथे दिवा आरशाच्या दोन्ही बाजूंना हवा. डोक्यावरून येणारा प्रकाश डोळ्यांखाली काळं करतो.

बेडरूममध्ये पुन्हा पंखा. तेच वर्तुळ, तोच खडू. इथे तर उशीच्या बरोबर वर छतात दिवा येतो आणि आजारी माणूस दिवसभर त्याच्याकडे बघत पडतो. उशाशी वाचायचा दिवा भिंतीवर, एक टू-वे बटण दाराशी, दुसरं उशाशी. सासूबाई रात्री तीनदा उठतात; त्यांच्या पलंगापासून संडासापर्यंत पायाच्या उंचीवर मंद दिवे बसवले, त्या कामाचं मला खरंच समाधान आहे. मुलांचं अभ्यासाचं टेबल पंख्याच्या ज्या बाजूला असेल त्या बाजूलाच दिवा हवा. दिवा एका टोकाला आणि टेबल दुसऱ्या टोकाला असेल तर मध्ये पंखा येतो आणि वहीवर पुन्हा तेच थरथरणं. हे कृपा करून विसरू नका, मूल सांगत नाही, नुसतं चिडचिड करतं.

बाल्कनी आणि बाथरूम यांत आयपीचा आकडा बघा, म्हणजे दिवा पाणी-धुळीला किती दाद देत नाही ते. बाथरूमला ४४, पाऊस झोडपतो त्या बाल्कनीला ६५. ऐरोलीला खाडीचा वारा आहे, लोखंडी पट्टीचे दिवे दोन पावसाळ्यांत गंजतात, स्क्रूसुद्धा स्टेनलेसचे मागा. येऊरच्या बाजूला राहता त्यांनी वरून उघड्या वाडग्यासारखे दिवे घेऊच नका. पहिल्या पावसानंतर वाळवीची पाखरं येतात आणि सकाळी वाडगा पंखांनी भरलेला असतो. बाल्कनीत आकाशकंदिलासाठी हुक, पॉइंट आणि त्याचं बटण आतल्या बाजूला. दरवर्षी खिडकीतून वायर ओढून खिडकी अर्धवट उघडी ठेवायची वेळ येऊ देऊ नका.

खरेदी. दुकानात शंभर दिवे एकदम जळत असतात, तिथे काहीच समजत नाही. प्रत्येक प्रकारचा एकच आणा, रात्री घरी लावून बघा, मग बाकीचे घ्या. पुष्कळ दिवे हवे असतील तर लोकलने मुंबईतला विजेच्या सामानाचा बाजार, लोहार चाळ, गाठा, भाव बरा मिळतो, पण पक्कं बिल घ्या, वॉरंटीला लागतं. कटआउटचं, म्हणजे दिव्यासाठी छतात पाडलेल्या भोकाचं, माप लिहून ठेवा आणि दोन दिवे जास्तीचे घ्या, मॉडेल बंद झालं की भोक उरतं. मंद करता येणारा दिवा हवा तर तसाच ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारी डबी, मागा, पंख्याचा रेग्युलेटर त्याला चालत नाही.

वायरमनच्या दिवशी छत बंद होण्याआधी वायरींचे फोटो काढा, शेजारी मोजायची टेप धरून. ड्रायव्हर कटआउटमधून हाताला यायला हवा. पलंग-कपाटं सरकवून झाल्यावरच भोकं.

शेवटी, अंधार पडल्यावर सगळे दिवे लावा, सगळे पंखे पाचवर. प्रत्येक खुर्चीत, प्रत्येक पलंगावर पेपर घेऊन पाच मिनिटं बसा. वाचताना अक्षर हललं नाही, तर वायरमनचे उरलेले पैसे द्या.