काटे, दिवे आणि माझी वही

आमच्या मोटरहोमचं स्टीअरिंग ह्यांच्याकडे आणि डॅशबोर्डवरचे काटे माझ्याकडे, अशी वाटणी आहे. ती एका लाल दिव्यानं करून दिली. एका लांबलचक चढावर बॅटरीचं चित्र असलेला दिवा लागला. हे म्हणाले, "बॅटरी जुनी झालीय, मुक्कामाला पोचलो की बघू." गाडी छान पळत होती, म्हणून मीही गप्प बसले. थोड्या वेळानं स्टीअरिंग दगडासारखं जड झालं आणि तापमानाचा काटा लाल भागात शिरला. पट्टा तुटला होता. आमच्या इंजिनात तो एकच पट्टा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, स्टीअरिंगचा पंप आणि पाण्याचा पंप असं सगळं फिरवतो. बॅटरीचा दिवा म्हणजे बॅटरी खराब, असं नसतं. चार्जिंग बंद पडलंय, एवढंच तो सांगतो. का बंद पडलं, ते खाली उतरून बघावं लागतं.

तेव्हापासून माझ्या मांडीवर वही असते, काटे-दिवे काय सांगतात ते लिहायला. तुम्हीही करा. पण सुरुवात गाडी उभी असतानाच करायची.

चावी 'ऑन'पर्यंत फिरवा, इंजिन चालू करू नका. डॅशबोर्डवरचे बहुतेक दिवे एकदम उजळतील. त्यांचा फोटो काढून ठेवा आणि गाडीच्या पुस्तिकेशी एकेक चित्र जुळवून घ्या. मग इंजिन चालू करा. दिवे थोड्याच वेळात विझले पाहिजेत. जो विझत नाही त्याच्याकडे सगळेच बघतात. मी मात्र जो लागलाच नाही त्याच्याकडे आधी बघते. जुनी गाडी घेताना तर हे कराच. ऑइलचा दिवा चावी फिरवल्यावर लागतच नसेल, तर तो नंतर गरज पडल्यावरही लागणार नाही.

रंगांचं गणित सोपं आहे. हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे, पिवळा म्हणजे लवकर बघा, लाल म्हणजे थांबा. लाल दिव्यांतही ऑइलच्या किटलीचं चित्र सगळ्यात वाईट. तो ऑइलचा दाब गेल्याचं सांगतो, आणि दाबाशिवाय इंजिन काही क्षणांतच स्वतःला खाऊ लागतं. सुरक्षित जागी कडेला घ्या आणि इंजिन लगेच बंद करा. थोडं थांबून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघा. पातळी ठीक असूनही दिवा लागत असेल तर गाडी ओढूनच न्यायची.

तापमान वाढलं तर एसी बंद, हीटर पूर्ण जोरात. उकाड्यात हे वेडेपणाचं वाटतं, पण हीटर इंजिनाचीच उष्णता आत ओढतो. काटा तरीही उतरत नसेल तर थांबून इंजिन बंद करा. आमच्यासारखा पट्टा तुटला असेल तर पाणीच फिरत नाही, तिथे हीटरही काही करू शकत नाही. गरम रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच अंगावर उसळतं. आणखी एक फसवणूक: नव्या गाड्यांत हा काटा मधोमध खिळलेला असतो. इंजिन थोडं थंड-गरम झालं तरी तो हलत नाही, मुद्दाम तसाच बनवलेला असतो. म्हणून तो हलला, म्हणजे गोष्ट बरीच पुढे गेलेली असते.

ब्रेकचा लाल दिवा लागला तर आधी हँडब्रेक पूर्ण सुटलाय का बघा. सुटला असेल तर ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. मग पुढे जायचं नाही. इंजिनाचं पिवळं चित्र स्थिर असेल तर गाडी सावकाश नेऊन दाखवता येते. ते लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर करतंय, म्हणजे आत इंधन नीट पेटत नाही, आणि न जळलेलं इंधन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं. डिझेल गाडीत ॲडब्लूचा (धूर स्वच्छ करायच्या द्रवाचा) इशारा किलोमीटर मोजत खाली उतरतो. त्याला इंधनाच्या काट्यासारखं 'अजून चालेल' म्हणू नका. शून्यावर गेल्यावर बंद केलेलं इंजिन पुन्हा चालूच होत नाही.

आता मोटरहोमची खरी भानगड. इथे गाडी एक आणि घर एक, त्यामुळे पॅनेलही दोन आणि बॅटऱ्याही दोन प्रकारच्या. दारावरच्या पॅनेलवर घरची बॅटरी दिसते, इंजिन सुरू करणारी बॅटरी वेगळी. लेड-ॲसिड बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, 12.2च्या आसपास अर्धी. 12च्या खाली जाऊ देऊ नये. पण हा आकडा कधी बघता यावर सगळं आहे. चार्जिंग चालू असताना तो साडेतेरा ते साडेचौदा दाखवेल, पाण्याचा पंप चालू असेल तर खाली पडेल. म्हणून मी सकाळी, काहीही चालू करण्याआधी बघते आणि लिहून ठेवते. लिथियम बॅटरीत हा हिशेब चालत नाही. तिचा व्होल्टेज जवळजवळ संपेपर्यंत हलत नाही. तिथे बॅटरीत आत-बाहेर जाणारी वीज मोजून टक्के दाखवणारा शंट मीटरच हवा.

टाक्यांच्या दिव्यांवर माझा फारसा विश्वास नाही. संडासाची टाकी रिकामी करूनही 'भरली' दाखवते, कारण आतल्या सेन्सरला कागद चिकटलेला असतो. भरपूर पाणी ओतून धुतली की बऱ्याचदा खरं बोलू लागते. इंधनाच्या टाकीतून चालणारा जनरेटर पाव टाकी उरली की बंद पडला, तर मेकॅनिकला बोलावू नका. अनेक गाड्यांत त्याची नळी मुद्दाम वर ठेवतात, म्हणजे पेट्रोल पंपापर्यंत जायला इंधन उरतं.

टायरच्या दाबाचा आकडा प्रवासात वाढलेला दिसेल. तो तापल्यामुळे वाढतो. गरम टायरमधून हवा सोडू नका. पुस्तिकेतला दाब थंड टायरचा असतो.

घरातले दोन भोंगे मात्र डॅशबोर्डपेक्षा महत्त्वाचे. गॅसचा भोंगा जमिनीजवळ लावलेला असतो, कारण एलपीजी हवेपेक्षा जड. तो वाजला तर दिव्याचं बटण चालू किंवा बंद काहीच करू नका, इंजिनही नाही. सगळ्यांना बाहेर काढा आणि सिलिंडर बाहेरून बंद करा. दुसरा भोंगा कार्बन मोनॉक्साइडचा. त्या वायूला रंग नाही, वास नाही, आणि डोकं दुखणं हे थकव्यासारखंच वाटतं. खोटा वाजतोय का याची चर्चा बाहेर मोकळ्या हवेत उभं राहून करा.

सलग न वाजता थोड्या थोड्या वेळानं एकच 'टिक' येत असेल, तर तो भोंगा स्वतःचंच गाऱ्हाणं सांगतोय: सेल संपले, नाहीतर त्याचं आयुष्य संपलं. आम्ही एका रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन तो 'टिक' शोधत होतो. फ्रीज झाला, पंप झाला, घड्याळ झालं. शेवटी गॅसचा भोंगा निघाला. त्याच्या पाठीवर बदलायची तारीख छापलेली होती आणि ती केव्हाच उलटून गेली होती. आता वहीच्या पहिल्या पानावर सगळ्या भोंग्यांच्या तारखा आहेत. रात्री कुठे काही टिकटिकलं की हे डोळे न उघडता विचारतात, "पहिलं पान बघितलंस का?"