हिराकस, चुंबक आणि निळा उजेड

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी चुंबकानं ओढले जाणारे आणि अतिनील दिव्याखाली चमकणारे नॅनोकण निवडले. वरूडकडच्या आमच्या घरी आईनं विचारलं, "म्हंजे नेमकं काय करून राह्यला तू?" मी हिराकसाच्या पिशवीकडं बोट दाखवलं. संत्र्याची पानं पिवळी पडली की बाबा फवारतात तेच फेरस सल्फेट. (प्रयोगाला मात्र बाटलीतलं शुद्धच घ्या.)

काळे कण सोपे. फेरिक आणि फेरस (लोहाचे दोन प्रकारचे क्षार) २:१ प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, ७०-८० अंशांवर जोरात ढवळत अमोनिया घाला. क्षणात काळा साका बसतो, तो मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकानं ओढला जाणारा लोहाचा ऑक्साइड. पाणी आधी उकळून त्यातली हवा घालवा, नाहीतर फेरसचं फेरिक होऊन साका तपकिरी पडतो. माझे पहिले दोन तसेच गेले; तिसऱ्या वेळी ऐन ढवळण्यात लाइट गेली. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात अमोनियाची बाटली बर्फात गार केल्याशिवाय उघडू नका, फसकन तोंडावर येते.

खरी गोम पुढं आहे. मॅग्नेटाइट काळा, तो उजेड गिळतो. चमकणारा पदार्थ थेट त्यावर चिकटवला तर चमक विझते. म्हणून मध्ये सिलिकाचा, म्हणजे काचेसारखा, थर हवा: अल्कोहोलमध्ये कण, थोडा अमोनिया, थेंब थेंब टीईओएस (ज्यातून सिलिका बनते ते द्रव). सिलिकाचे गोळे करण्याच्या १९६८ सालच्या श्टोबर पद्धतीचंच हे रूप. घाई केली की सिलिकाचे वेगळेच गोळे होतात. थरावर मी सायट्रिक अॅसिड आणि युरिया तापवून केलेले कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे चमकणारे अतिसूक्ष्म कण, बसवले. ते ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली निळे चमकतात.

पहिल्याच दिवशी झकास निळं दिसलं. मी नाचलो. लॅबमधले काका म्हणाले, "रिकामा बीकर बी धर ना दिव्याखाली." धरला, तोही निळा! धुण्याच्या पावडरीत कपडे उजळवणारं द्रव्य असतं, त्याचीच ती चमक. तेव्हापासून काचसामान आधी रिकामं तपासतो, अर्थात अतिनील किरण अडवणारा चष्मा लावून.

एक्सआरडीच्या (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीच्या) आलेखावर विसंबू नका. मॅग्नेटाइट आणि मॅघेमाइट (त्याचंच ऑक्सिडीकरण झालेलं रूप) यांच्या रेषा जवळजवळ सारख्याच येतात, आणि चमक कुठं बसलीय हे त्यात दिसतच नाही. त्याला चुंबकाचीच परीक्षा. कण बाटलीच्या एका बाजूला ओढून घ्या आणि उरलेलं पाणी दिव्याखाली बघा. ते चमकलं तर डॉट्स सुटेच आहेत, पुन्हा धुवा.

सातव्या धुण्याला माझं पाणी अंधारं राहिलं. चमक चुंबकापाशी होती, फिक्कट, ज्वारीच्या दाण्याएवढी. काकांनी वाकून पाहिलं आणि दिवा बंद केला. पाच वाजले होते.