चेस इंजिन मंद चालतंय? नवा लॅपटॉप घेण्याआधी या चुका टाळा

मे महिन्यातली रत्नागिरीतली दुपार. भाचा लॅपटॉप गादीवर ठेवून स्टॉकफिश या चेस इंजिनाकडून, म्हणजे बुद्धिबळाच्या चाली शोधणाऱ्या प्रोग्रॅमकडून, स्पर्धेतला डाव तपासून घेत होता. स्क्रीनवर एनपीएस म्हणून आकडा दिसतो, म्हणजे इंजिन सेकंदाला किती पोझिशन बघतंय. सुरुवातीला तो पंधरा लाख होता, पाचेक मिनिटांत सहा लाखांवर आला. प्रोसेसर तापला की स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो, आणि गादीने तर हवेची वाटच बंद केली होती. लॅपटॉप बंद करून मागची जाळी पाहिली. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत धूळ नुसती साचत नाही, चिकटून बसते. मऊ ब्रशने तो थर काढला, लॅपटॉप पाटावर ठेवला आणि आकडा पुन्हा वर गेला. पावसाळ्यात लाइट गेली की वेगळीच गोष्ट होते: बॅटरीवर बरेच लॅपटॉप आपणहून मंदावतात, त्यामुळे तेव्हाचा आकडा खरा धरू नका.

दुसरी चूक सेटिंगची, आणि ती मला जवळजवळ प्रत्येक घरी दिसते. स्टॉकफिश मुळात १ थ्रेड (एका वेळी चालणारी कामाची एक रांग) आणि १६ एमबी हॅश घेऊन सुरू होतं. चार कोरचा प्रोसेसर असेल तर तीन कोर रिकामेच बसतात. थ्रेड ३ करा, एक बाकीच्या कामांना राहू द्या. हॅश म्हणजे इंजिनाची टिपणवही. ती भरली की जुनी टिपणं पुसली जातात आणि तीच पोझिशन पुन्हा तपासावी लागते. पण म्हणून ८ जीबी रॅममधली ६ जीबी तिला देऊ नका. रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कवर लिहायला लागतं आणि इंजिन रांगतं. १ ते २ जीबी पुष्कळ झाली.

हापूसचा हंगाम संपला की पालक विचारतात, मुलासाठी ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप घेऊ का? स्टॉकफिशसाठी मुळीच नको. २०२० मध्ये स्टॉकफिश १२ पासून त्यात न्यूरल नेटवर्क आलं, पण ते प्रोसेसरवरच चालतं. ग्राफिक्स कार्डाचा खरा उपयोग लीला चेस झीरो या दुसऱ्या इंजिनाला. तेच पैसे एसएसडीला, म्हणजे वेगवान डिस्कला लावा. एंडगेमचे सिझिजी टेबलबेस, म्हणजे थोडी मोहरी उरल्यावरच्या पोझिशनची आधीच काढून ठेवलेली उत्तरं, डिस्कवर हवे असतील तर पाच मोहऱ्यांपर्यंतचे सुमारे १ जीबीत मावतात, सहाचे मात्र १५० जीबीच्या आसपास जातात.

वेग दुप्पट झाला म्हणून ताकद दुप्पट होत नाही, हेही पालकांना कळकळीने सांगतो. १९९७ मध्ये जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी पोझिशन बघायचा. आजचं स्टॉकफिश साध्या लॅपटॉपवर त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतक्या वेगातही त्याच्यापेक्षा सरस खेळतं, कारण कुठल्या चाली सोडून द्यायच्या आणि पोझिशनची किंमत कशी करायची, हे त्याला कितीतरी चांगलं कळतं.

डाउनलोड करताना प्रोसेसरला चालत असेल तर एव्हीएक्स२ ची (प्रोसेसरच्या वेगवान आज्ञा वापरणारी) आवृत्ती घ्या. मग स्टॉकफिशला ‘बेंच’ ही वेग मोजणारी आज्ञा द्या, येणारा वेग वहीत तारखेसह लिहा आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा ताडून बघा.