मॅस्टोडॉनसाठी दुसरं अ‍ॅप लावून बघताना: किल्ली कशी द्यावी, कशी परत घ्यावी

मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण अनेक वेगवेगळ्या सर्व्हरवर मिळून चालणारं सोशल नेटवर्क. तिथे खातं उघडून आठवडा झाला की बहुतेकांना वाटतं, हे अधिकृत अ‍ॅप ठीक आहे, पण दुसरं एखादं बघावं. मग शोधाशोध सुरू होते आणि हाती लागतात ‘दहा उत्तम अ‍ॅप्स’च्या याद्या. त्यांत रंगांचं आणि डार्क मोडचं वर्णन भरपूर असतं. लॉगिन करताना माणूस नेमका कुठे अडकतो, किंवा अ‍ॅप काढून टाकल्यावर मागे काय उरतं, यावर एक ओळही नसते. मी गेल्या काही वर्षांत डझनभर तरी अ‍ॅप्स लावली आणि काढली, बहुतेक बोरिवली-चर्चगेटच्या प्रवासात. दादरला महिन्यातून एकदा जमणाऱ्या आमच्या वाचनगटातल्या बऱ्याच जणांच्या फोनवरही ती लावून दिली. प्रत्येक वेळी माणसं त्याच एका जागी अडकतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा. तुमचं खातं अ‍ॅपमध्ये नसतं, ते तुमच्या सर्व्हरवर असतं, म्हणजे ज्या साइटवर तुम्ही खातं उघडलं तिथे. तुमच्या पोस्ट, तुम्ही कुणाला फॉलो करता, कुणाला ब्लॉक केलंय, बुकमार्क, याद्या हे सगळं तिथे असतं. अ‍ॅप तिथून आणतं आणि तुम्हाला दाखवतं, एवढंच. युजेन रोचको यांनी २०१६ मध्ये मॅस्टोडॉन सुरू केलं तेव्हापासून रचना हीच आहे, आणि दुसऱ्यांनी अ‍ॅप बनवायला दार उघडं आहे. जानेवारी २०२३ मध्ये ट्विटरने बाहेरच्या अ‍ॅप्सना बंदी केली. तेव्हा तिथलं ट्वीटबॉट हे जुनं अ‍ॅप बनवणाऱ्यांनी त्याच महिन्यात मॅस्टोडॉनसाठी आयव्हरी आणलं. अशा अ‍ॅपला इथे चोरवाट शोधावी लागत नाही.

याच कारणासाठी, अमुक माणसाच्या जुन्या पोस्ट दिसत नाहीत म्हणून अ‍ॅप बदलू नका. तुमच्या सर्व्हरपर्यंत त्या पोस्ट कधी पोचल्याच नसतील, तर बहुतेक अ‍ॅप्स त्या दाखवू शकत नाहीत. त्या माणसाचं पान ब्राउझरमध्ये, त्याच्या सर्व्हरवर उघडून वाचा.

कुठलं अ‍ॅप

अँड्रॉइडवर टस्कीपासून सुरुवात करा. हलकं आहे, फुकट आहे, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. अधिकृत अ‍ॅपसारखाच चेहरा पण जास्त सोयी हव्या असतील तर मेगालोडॉन किंवा त्यावरून बनलेलं मोशिडॉन बघा. आयफोनवर आधी आइस क्यूब्स लावा. आयव्हरी देखणं आहे, पण त्याला वर्गणी लागते, म्हणून ते नंतर. फोन जुना असेल किंवा जागा भरली असेल तर एल्क आणि फॅनपी थेट ब्राउझरमध्ये चालतात. फॅनपीमध्ये गेल्या काही तासांतल्या पोस्ट एकत्र करून वाचायची सोय आहे. संध्याकाळी गाडीत बसायला जागा मिळाली की मी तीच वापरतो.

अ‍ॅप प्ले स्टोअर, अ‍ॅप स्टोअर किंवा एफ-ड्रॉइडवरूनच (खुल्या कोडच्या अँड्रॉइड अ‍ॅप्सचं दुकान) घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल लावू नका. शेवटचं अपडेट कधी झालं तेही बघा. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पिनाफोरचं नाव जुन्या याद्यांत अजून सापडतं, पण त्याचं काम २०२३ च्या सुरुवातीलाच थांबलं.

लॉगिन: इथे घाई करू नका

नवं अ‍ॅप उघडलं की ते ना ईमेल विचारतं, ना पासवर्ड. ते विचारतं, तुमचा सर्व्हर कोणता? दहापैकी सात जण इथे चुकतात. मी स्वतः चुकलो होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्विटरवरून माणसं लोंढ्याने येत होती, तेव्हा मी एका मित्राच्या सांगण्यावरून एका छोट्या सर्व्हरवर खातं काढलं. महिनाभराने दुसरं अ‍ॅप लावलं आणि त्या चौकोनात, सगळ्यांच्या तोंडी असलेल्या मोठ्या सर्व्हरचं नाव टाकलं. लॉगिनचं पान नीट उघडलं. पासवर्ड चुकीचा आहे असं आलं. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं, ईमेल येईना. स्पॅममध्ये बघितलं. तीन संध्याकाळ यात गेल्या, आणि शेवटी ते अ‍ॅप वाईट आहे असं ठरवून मी काढून टाकलं. अ‍ॅपमध्ये काहीच बिघाड नव्हता. ज्या इमारतीत माझं घरच नाही, तिथल्या दाराला मी किल्ली लावत होतो.

म्हणून आधी तुमचा पूर्ण पत्ता कागदावर लिहा. त्याचे दोन भाग असतात: पहिल्या ‘अ‍ॅट’ चिन्हानंतर तुमचं नाव, दुसऱ्या ‘अ‍ॅट’ चिन्हानंतर तुमचा सर्व्हर. अ‍ॅपला हवा असतो फक्त दुसरा भाग, स्पेलिंग आणि टिंबासकट जसाच्या तसा. पत्ता आठवत नसेल तर खातं उघडताना आलेलं ईमेल शोधा, त्यात असतो.

सर्व्हरचं नाव दिलं की अ‍ॅप तुम्हाला ब्राउझरमध्ये नेतं आणि तुमच्याच सर्व्हरचं पान उघडतं. इथे थांबा. वरच्या पट्टीतला पत्ता वाचा. तो तुमच्या सर्व्हरचा असेल तरच पासवर्ड टाका. टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं दुसरं कुलूप, लावलेलं असेल तर तो सहा आकडी कोडही याच पानावर टाकायचा. त्यानंतर सर्व्हर विचारतो, या अ‍ॅपला परवानगी देऊ का? आणि अ‍ॅप काय काय मागतंय ते दाखवतो: वाचणं, लिहिणं, फॉलो करणं, नोटिफिकेशन. ‘ऑथराइज’ दाबलं की तुम्ही परत अ‍ॅपमध्ये येता.

या सगळ्यात पासवर्ड अ‍ॅपला कळतच नाही. त्याला सर्व्हरकडून एक टोकन मिळतं, म्हणजे त्या अ‍ॅपपुरती कापून दिलेली वेगळी किल्ली. मूळ किल्ली तुमच्याकडेच राहते. यावर माझं मत ठाम आहे: मॅस्टोडॉनचं कुठलंही अ‍ॅप स्वतःच्या पडद्यावर, पत्त्याच्या पट्टीशिवाय पासवर्ड मागत असेल, तर ते त्याच क्षणी बंद करून काढून टाका. ते कितीही सुंदर असो, कुणीही सुचवलेलं असो. प्रामाणिक अ‍ॅपला तुमचा पासवर्ड लागतच नाही. ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल नेटवर्कची रचना वेगळी आहे. तिथे एखाद्या बाहेरच्या अ‍ॅपने पासवर्ड मागितला तर सेटिंग्जमध्ये जाऊन त्या अ‍ॅपसाठी वेगळा ‘अ‍ॅप पासवर्ड’ बनवा आणि तो द्या. मुख्य पासवर्ड तिथेही देऊ नका.

कधी कधी ‘ऑथराइज’ दाबल्यावर पान ब्राउझरमध्येच अडकून बसतं, अ‍ॅप परत उघडत नाही. जाहिराती अडवणारा एखादा ब्राउझर मुख्य म्हणून लावलेला असला की हे माझ्या बघण्यात जास्त आलंय. फोनचा मूळ ब्राउझर तेवढ्यापुरता मुख्य करा आणि पुन्हा पहिल्यापासून लॉगिन करा. अडकलेल्या पानावर दहा वेळा बटण दाबून काही होत नाही. आणि हे काम घरी, शांतपणे, वाय-फायवर करा. विरारच्या गर्दीत एका हाताने दांडा धरून पत्त्याची पट्टी कुणी वाचत नाही.

मराठीसाठी चाचणी

हे कुठल्याच यादीत सापडत नाही, आणि आपल्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं.

पोस्ट लिहायचा चौकोन उघडा आणि ‘मुंबई’ टाइप करा. उरलेल्या अक्षरांचा आकडा किती कमी झाला? सर्व्हर अक्षर मोजताना उकार, अनुस्वार त्या अक्षरासोबतच धरतो, त्यामुळे ‘मुंबई’ची तीन अक्षरं होतात. अ‍ॅपने पाच कमी केली तर ते प्रत्येक मात्रा वेगळी मोजतंय. अशा अ‍ॅपमध्ये मराठी पोस्ट नेहमीच्या ५०० अक्षरांच्या मर्यादेच्या खूप आधी अडेल, सर्व्हर ती आनंदाने घेणार असला तरी. लांब लिहिणाऱ्याने असं अ‍ॅप सोडून द्यावं. लिंकची चिंता करू नका, ती कितीही लांब असली तरी २३ अक्षरंच धरली जाते.

मग ‘कैऱ्या’ आणि ‘मूर्तींचं’ हे शब्द लिहून अक्षरांचा आकार लहान-मोठा करून बघा. वेलांटी किंवा रफार वरून कापला जात असेल तर रोज वाचायला त्रास होतो. देवनागरी हॅशटॅग लिहून तो पूर्ण रंगतो का, दाबल्यावर पूर्ण उघडतो का, हेही तपासा. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या मॅस्टोडॉनच्या ४.० आवृत्तीपासून हॅशटॅग फॉलो करता येतात. जुलैत पाऊस धरला की मी मुंबईचा हॅशटॅग फॉलो करतो आणि सकाळी निघण्याआधी नजर टाकतो. ही सोय दोन बोटांत सापडली पाहिजे.

पोस्टची भाषा हा आणखी एक मुद्दा. मॅस्टोडॉनवर प्रत्येक पोस्टला भाषेची खूण असते. फोन इंग्रजीत असला की बरीच अ‍ॅप्स तुमच्या मराठी पोस्टवर इंग्रजीची खूण लावून मोकळी होतात. मग सार्वजनिक टाइमलाइनवर फक्त मराठी निवडून वाचणाऱ्याला तुमची पोस्ट दिसतच नाही. आमच्या गटातल्या एका ताईंनी दोन महिने कविता टाकल्या आणि कुणी वाचत नाही म्हणून लिहिणं थांबवायला निघाल्या होत्या. खूण बदलून दिल्यावर त्याच आठवड्यात अनोळखी मराठी वाचकांची उत्तरं आली. पोस्टच्या चौकोनात भाषेचं बटण शोधा, मराठी निवडा, आणि पुढच्या पोस्टला अ‍ॅप ती निवड लक्षात ठेवतं का ते बघा. बटणच नसेल तर दुसरं अ‍ॅप घ्या.

बाकीच्या तपासण्या

विमान मोड लावून एक पोस्ट पाठवा. मजकूर ड्राफ्टमध्ये राहिला तर ठीक, गायब झाला तर अ‍ॅप बाद. फोटो जोडताना वर्णन लिहायची जागा पटकन दिसली पाहिजे. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा वाचकांसाठी ते लिहिणं ही इथली चांगली रीत आहे, आणि त्यासाठी १५०० अक्षरं मिळतात.

नोटिफिकेशन उशिरा येत असेल तर आधी फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचं बंधन काढा. काही अ‍ॅप्स ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारत राहतात, आणि अँड्रॉइड असं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने नियमित करू देत नाही. थोडा उशीर मग धरूनच चाला. दोन अ‍ॅप्स एकदम तपासत असाल तर एकाचं नोटिफिकेशन बंद ठेवा.

पोस्ट कुणाला दिसणार, हे प्रत्येक अ‍ॅप वेगळ्या चिन्हाने दाखवतं. पहिल्या दिवशी चारही पर्याय उघडून वाचा. खासगी संदेश ही इथे फक्त उल्लेख केलेल्यांना दिसणारी पोस्ट असते. त्यात बोलता बोलता तिसऱ्याचा पूर्ण पत्ता लिहिलात तर ती त्यालाही जाते. ती एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, नसते; सर्व्हर चालवणारा वाचू शकतो. बँकेचे तपशील, आधार, पत्ता असलं काही त्यात लिहू नका.

किल्ली परत घ्या

फोनवरून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे संपलं, असं जवळजवळ सगळे समजतात. तसं होत नाही. अ‍ॅप गेलं तरी तुम्ही दिलेली परवानगी सर्व्हरवर तशीच राहते, आणि ती आपोआप संपणारी नसते. मी पहिल्यांदा ती यादी उघडली तेव्हा नऊ नावं होती, त्यातली चार मला आठवतही नव्हती. त्यांतल्या प्रत्येकाला माझ्या नावाने लिहायची परवानगी होती. शेजारच्या काकूंकडे घराची किल्ली ठेवतो तेव्हा ती कुणाकडे आहे हे आपल्याला माहीत असतं. इथेही माहीत असलं पाहिजे.

क्रम असा ठेवा. आधी ड्राफ्ट बाहेर काढा. ते बहुतेक फोनवरच असतात आणि अ‍ॅपबरोबर जातात. माझं गणपतीच्या दिवसांतलं गिरगावबद्दलचं लांब टिपण असंच गेलं, ते पुन्हा तसं जमलं नाही. टस्कीसारख्या अ‍ॅपमधून पुढच्या वेळेसाठी लावून ठेवलेल्या पोस्ट मात्र सर्व्हरवर असतात, त्या ठरल्या वेळी जातातच. नको असतील तर आधीच रद्द करा, कारण मॅस्टोडॉनच्या मूळ वेबसाइटवर त्यांची यादी दिसत नाही.

नंतर अ‍ॅपमधून लॉग आउट व्हा आणि अ‍ॅप काढा. मग ब्राउझरमध्ये तुमच्या सर्व्हरवर जाऊन प्रेफरन्सेस, अकाउंट, ऑथराइज्ड अ‍ॅप्स असं उघडा. तिथे प्रत्येक अ‍ॅपचं नाव, त्याला काय परवानगी आहे आणि ते शेवटचं कधी वापरलं हे दिसतं. वापरात नसलेल्या प्रत्येक नावापुढचं ‘रिव्होक’ दाबा. चुकून चालू अ‍ॅपचं दाबलंत तर काही बिघडत नाही, पुन्हा लॉगिन करावं लागेल इतकंच. माझ्या यादीत सध्या दोन नावं आहेत, टस्की आणि फॅनपी.