रोजचा पाऊण तास स्वतःसाठी: आधी काम सोपवा, मग बूट घाला

'तासभर लवकर उठा' हा सल्ला पहिल्यांदा बाजूला ठेवा. ज्या घरात पहाटे नळाला पाणी आलं की कोणीतरी उठायचंच असतं आणि सातच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्याचा डबा सव्वासहाला भरून तयार लागतो, तिथं आणखी लवकर म्हणजे किती वाजता? तो तास झोपेतूनच कापला जातो. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. साडेअकराला पाठ टेकून साडेचारला उठणाऱ्याची झोप पाचच तास होते. असा माणूस आठवडाभर कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरेलही, पण दुपारी गल्ल्यावर पेंगेल आणि संध्याकाळी पोरांवर खेकसेल. पाऊण तास झोपेतून नाही, कामातून काढायचा.

तीन दिवस नोंद

दोन कामाचे दिवस आणि एक सुट्टीचा. दर तासाला एक ओळ: काय केलं, कोणाचं काम होतं. दुसरा रकाना महत्त्वाचा आहे, तो गाळू नका. मोबाईलवर गेलेला वेळही लिहा, पण सगळं खापर त्याच्यावर फोडू नका. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्या कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटं. बाईचा पाऊण तास बहुतेक वेळा या दोन आकड्यांच्या मधेच सापडतो.

वेळ ठरवणं

घड्याळ बघून ठरवू नका, रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधा. शाळेची व्हॅन गेली की. पाळीवरून आलं की, अंघोळीच्या आधी. दुकानाचं शटर दुपारी अर्धं खाली आलं की. 'सकाळी जमलं तर' ही वेळ नव्हे. रविवार सुरुवातीलाच वगळा; मटणाच्या रांगेशी आणि तांबड्या-पांढऱ्याच्या तयारीशी कशाला झगडायचं?

सोपवणं: इथंच सगळं अडतं

वेळ ठरते, बूट येतात, चौथ्या दिवशी सगळं बंद पडतं. दोष आळसाचा नसतो. त्या पाऊण तासातलं काम कोणाच्याच नावावर नसतं, म्हणून ते परत तुमच्याकडं येतं.

कुठल्याही घरकामाचे तीन भाग असतात: लक्षात ठेवणं, करणं आणि झालं का बघणं. बहुतेक घरांत फक्त मधला भाग दुसऱ्याला दिला जातो. 'दूध तापवा हं' असं सांगून गेलेली बाई रंकाळ्याच्या कठड्याजवळ दूध उतू गेलं असेल का याचाच विचार करत असते. पाय चालतात, डोकं ओट्यापाशीच असतं. हा वेळ स्वतःचा म्हणून मोजायचा नाही.

म्हणून काम अख्खं द्या. दुधाचं म्हणजे पिशवी आणणं, तापवणं, साय काढणं, निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवणं, पातेलं घासायला टाकणं आणि उद्याची पिशवी सांगितली आहे का हे बघणं. एक काम, एकच माणूस. 'आज तू, उद्या तो' अशी पाळी लावली की पाळी कोणाची हे लक्षात ठेवायचं काम पुन्हा तुमचंच.

सुरुवातीला दोनच कामं द्या. पाच दिली तर घरात सभा भरते. सांगायचं वाक्य साधं ठेवा: 'उद्यापासून शाळेची व्हॅन गेली की पाऊण तास मी घरात नाही. दूध आणि कुकर तुमच्याकडं.' यात 'मदत करा' नाही, 'जमेल का' नाही आणि कारणही नाही. कारण दिलं की त्यावर चर्चा होते, आणि चर्चेत पाऊण तासाची वीस मिनिटं उरतात. सासूबाईंना मात्र इतरांच्या आधी आणि एकट्यात सांगा. सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळलं तर मुद्दा दुधाचा राहत नाही, मानाचा होतो.

मग येतो फोन. 'वैनी, मिठाचा डबा कुठं हाय?' आदल्या रात्री एका कागदावर चार गोष्टी लिहून फ्रीजवर लावा: डबे कुठं, कुकरच्या शिट्ट्या किती, गॅसवाल्याचा नंबर, शेजारी कोणाला हाक मारायची. फोन फक्त पडलं-लागलं किंवा ताप असेल तरच, हेही त्यावर लिहा. आणि मिठासाठी आलेला फोन उचलू नका. एकदा उचलला की रोज येणार.

पहिले चौदा दिवस सोपवलेल्या कामात बोट घालायचं नाही. भात गिचका होईल, दूध एकदा तरी करपेल. परत आल्यावर ओटा पुन्हा पुसायला घेतलात तर घरच्यांना एकच गोष्ट कळते: आपण कसंही केलं तरी ती करणारच आहे. मुद्दाम बिघडवून ठेवणारेही असतात. त्यावर उपाय काम परत घेणं नव्हे. करपलेलं पातेलंही त्याच माणसाने घासायचं.

आजारी माणसाची जबाबदारी असेल तर यातली ढिलाई चालणार नाही. तिथं रोजचा हट्ट सोडा, आठवड्यात दोनदाच दीड तास घ्या. कागदावर औषधाचं नाव, वेळ आणि दिलं की करायची खूण असू द्या. मधुमेही असतील तर हेही लिहा: घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखं वाटलं (रक्तातली साखर उतरल्याची लक्षणं) आणि माणूस शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासायची. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.

उद्यमनगरात वर्कशॉप असो की महाद्वार रोडला दुकान, नियम हाच. पोराला 'जरा बघ' म्हणून सांगून जाऊ नका. किती रुपयांपर्यंत सूट त्याने स्वतः द्यायची आणि कुठलं गिऱ्हाईक थांबवून ठेवायचं, हे दोन नियम त्याच्या हातात द्या. नाहीतर खिशातला फोन वाजतच राहतो.

त्या वेळात काय करायचं

जे आवडतं ते. चालणार असाल तर जरा दम लागेल इतक्या वेगाने रोज तीस मिनिटं, आठवड्यात पाच दिवस; जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची १५० मिनिटं तेवढ्यात भरतात. रंकाळा, विद्यापीठाचा परिसर, महावीर उद्यान यांपैकी घराला जवळचं निवडा. गाडी काढून जावं लागणारी जागा महिन्याभरात सुटते. जुलैच्या पावसासाठी घरातला पर्याय जूनमध्येच ठरवा. नुसतं खिडकीत बसून चहा प्यायचा असेल तरी हरकत नाही, मात्र झोपेची तक्रार असेल तर संध्याकाळी सातचा चहा नको. त्यातल्या कॅफिनपैकी निम्मं साधारण पाच तासांनीही अंगात असतं. वाणसामान आणणं, लाईट बिल भरणं, मुलांच्या वहीला कव्हर घालणं यातलं काहीही या वेळात बसवायचं नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर फिरण्यावर भागवू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

खंड पडला तर

२१ दिवसांत सवय लागते, हे कुठून आलं कोण जाणे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना घेऊन अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले; कोणाला १८, कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा बुडालेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दीड तास चालू नका, गुडघे बोलतील.

मोठा खंड वेगळा. गणपती, नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला आलेले पाहुणे, जोतिबाची चैत्र यात्रा, मुलांची परीक्षा. त्या दिवसांत पंधरा मिनिटांवर या, पण वेळ तीच ठेवा. पाहुण्यांसाठी दूध आणि कुकर तुमच्याकडं परत आलेला असतो. पाहुण्यांची एसटी सुटली की त्याच संध्याकाळी ज्याचं काम त्याला सांगून टाका: 'उद्या सकाळी दूध तुमच्याकडं.' चार दिवस गेले तर ते काम पुन्हा तुमचंच झालेलं असेल, आणि सगळी बोलणी पहिल्यापासून करावी लागतील.